प्रेक्षक नसलेली कला आणि सरकारी तरतूद

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी झाले. आणि दर वर्षी आश्विन वद्य पंचमीस, त्याच मिनिटाला, गुरुकुंज मोझरीच्या पटांगणावर वऱ्हाडातून व त्यापलीकडून आलेला जो अफाट समुदाय स्तब्ध उभा राहतो, त्यात पाहणारा कोण आणि करणारा कोण हे वेगळे काढून दाखविणे कोणाही परीक्षकास शक्य होणार नाही. १९३५ साली तिवसा तालुक्यातील या माळावर आश्रम उभा राहिला तेव्हापासून येथील भजन आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांचा धर्मच असा आहे की, जो येतो तो म्हणण्यासाठी येतो. ऐकून परत जाणारा मनुष्य तेथे पाहुणा गणला जातो, प्रेक्षक नव्हे.

अशाच एका महोत्सवात एका भजनी मंडळातील वयस्क खंजिरीवाल्याने खिशातून चुरगळलेला छापील अर्ज काढून माझ्यापुढे धरला. कोणत्या कचेरीचा, हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्यातील एका रकान्यावर त्याने बोट ठेवले होते. रकाना होता, ‘उपस्थित प्रेक्षकांची अंदाजे संख्या’. तो म्हणाला, “भाऊ, आमच्यात पाहाले कोनी येतच नाही, सारे म्हनालेच येतात. मंग इथं काय लिहाव?” मला उत्तर सुचले नाही, आणि घरी आल्यावर पुष्कळ दिवस ते सुचेना.

कलेला द्रव्यसाहाय्य द्यावे की न द्यावे, या वादात मला आता फारसे स्वारस्य उरलेले नाही. राजाश्रय आणि लोकाश्रय या दोन आधारांवरच आपल्या सर्व कला जगल्या. राजे गेले, खजिना राहिला, तेव्हा खजिन्याने तो भार उचलावा हे न्याय्यच आहे. प्रश्न आहे तो मापाचा. अलीकडे सरकारी कागदोपत्री ‘सर्जनशील उद्योग’ हा शब्दप्रयोग रूढ होत चालला आहे. आणि उद्योग म्हटला की विकणारा, विकत घेणारा व मधली उलाढाल ही त्रयी गृहीत धरावी लागते. चित्रपट, नाटक, मुद्रण यांना हे माप बसते. परंतु ज्या कलेत सारेच कर्ते आहेत, तिची उलाढाल शून्य भरते आणि म्हणून, कागदावर तरी, तिचे अस्तित्वही शून्य ठरते.

मापाचा हा दोष नवा नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची आपल्या राज्याची योजना १९५४-५५ पासूनची. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते, आणि पूर्वी प्रतवारीनुसार २,२५० ते ३,१५० रुपये मिळणारे मासिक मानधन २०२४ साली सरसकट ५,००० रुपये करण्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह होय, आणि तीतील सर्वांत मोठी गोष्ट रकमेची वाढ नसून प्रतवारीचा लोप ही आहे, असे मला वाटते. कारण राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा त्या तीन पायऱ्यांत, ज्याने आपले गाव कधी सोडले नाही आणि गावालाही गाणे सोडू दिले नाही, तो कलावंत आपोआप सर्वांत खालच्या पायरीवर बसत असे! तथापि पन्नाशी उलटल्यावर मिळणारे हे मानधन म्हातारपणाचा आधार आहे, कलेचा नव्हे. ते खंजिरी वाजविणाऱ्याला जगविते. खंजिरी शिकू पाहणाऱ्या पोराला त्यातून काही पोचत नाही. दुसऱ्या बाजूला तीर्थक्षेत्रांचे विकास आराखडे होतात, मोझरीचाही झाला. त्यांतून रस्ते, सभागृहे, निवास उभे राहतात. वास्तूचे मोजमाप पुस्तिकेत नोंदविता येते, संध्याकाळच्या तासाचे येत नाही, म्हणून पैसा वास्तूकडे वाहतो.

पात्रता कोणी ठरवावी, ही याहून अवघड बाब. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात ती कमी झाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी प्रभृतींनी अर्ज करून तिचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा अशी मागणी केली, आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. शास्त्रीपंडितांच्या दानाचे ग्रंथकारांच्या पारितोषिकात झालेले हे रूपांतर खरोखर युगप्रवर्तक होते. पण त्याच कमिटीकडे जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक पाठविले, आणि भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नामंजूर झाले, अशी नोंद स्वतः जोतीरावांनीच ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. ते नाटक छापले गेले १९७९ साली. एका शेऱ्याने सव्वाशे वर्षे! अनुदान देणाऱ्याची नियत निर्मळ असूनही निवड करणाऱ्याची दृष्टी त्याच्या स्वतःच्या शाळेपलीकडे जाईलच असे नाही, हे ध्यानी येण्यास एवढा एक दाखला मला पुरेसा वाटतो.

आता दृष्टी थोडी दूर नेऊ. युनेस्कोने २००५ साली सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेविषयी करार केला, आणि विकसनशील देशांतील सांस्कृतिक उद्योगांना बळ मिळावे म्हणून त्याच करारान्वये एक आंतरराष्ट्रीय निधी स्थापन केला. हा निधी राष्ट्रांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो आणि एका प्रकल्पास कमाल एक लाख डॉलर देतो. हेतू उदात्त, परंतु अर्ज इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये करावा लागतो. विविधतेच्या रक्षणार्थ निघालेल्या निधीच्या दारावर भाषा दोनच असाव्यात, या विसंगतीवर फार लिहिणे नको. फुल्यांचे हस्तलिखित निदान मराठीत तरी वाचले गेले होते.

यावर कोणी विचारील, आणि विचारणे रास्तच आहे, की वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी रंगभूमी अनुदानाच्या कुबड्या न घेता कशी उभी आहे? दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट यांच्या दिवसांत पूर्व विदर्भातील गावोगाव रात्रभर नाटके होतात, तिकिटे खपतात, शेकडो नटांची व वादकांची चूल त्यावर पेटते; तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीही मिळाली. मी त्या रंगभूमीचा चाहता आहे आणि तिला सरकारने शक्यतो हात लावू नये, अशाच मताचा आहे. परंतु झाडीपट्टीला प्रेक्षक आहे. धान घरात आल्यावर नाटकासाठी पैसे मोजणारा शेतकरी हाच तिचा अनुदानदाता होय. वऱ्हाडातही सुबत्तेच्या दिवसांत, या मुलुखाला लोक सोन्याची कुऱ्हाड म्हणत तेव्हा, कपाशीच्या पैशावर नाटकमंडळ्यांचे दौरे होत. भजनाला मात्र तिकीट लावताच ते भजन राहत नाही.

मग त्याला द्यावे तरी काय? भजनाला काहीच देऊ नये. भजनास जे लागते त्यास द्यावे. जुन्या खंजिरीवर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीस संरक्षण दिले, ते योग्यच. पण कातडे गेले तसा तो मढविणारा कारागीरही गेला, आणि त्याच्या जागी दुसरे चर्म, दुसरा नाद शोधण्याच्या खटपटीसाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद पाहिल्याचे मला आठवत नाही. नागपूरच्या दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची स्थापना १९८६ ची; अशा केंद्रांमार्फत चालणाऱ्या गुरु-शिष्य योजनेत शिकविणाऱ्यास, साथीदारास व शिकणाऱ्यांस दरमहा थोडी रक्कम मिळते, आणि सर्व योजनांत हीच मला मूलभूत वाटते, कारण तीत वेळ विकत घेतला जातो, तमाशबीन मोजले जात नाहीत. तीच रीत तालुक्यापर्यंत उतरवावी. मंडळाने वर्षभर जेवढी वर्गणी स्वतः जमविली असेल तेवढीच सरकारने तसलमात म्हणून द्यावी, अर्ज तोंडीही घ्यावा, वऱ्हाडीतही घ्यावा, आणि जमाखर्च मंत्रालयात न पाठविता ग्रामसभेत वाचून दाखवावा. तुकडोजी महाराजांच्या ज्या ग्रामगीतेने श्रमसंपत्तीला स्वतंत्र अध्याय दिला, तिच्या गावाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. वर्गणीची अट मी मुद्दाम घालतो: आश्रम लोकांच्या दानावर व श्रमदानावर वाढला, आणि सरकारी पैसा येताच वर्गणीची थाळी फिरणे बंद झाले, तर तो पैसा घेऊन मंडळे अधिक गरीबच होतील.

घाई मात्र करावयास हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या कायद्याच्या हिशेबाने महाराजांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील स्वामित्वहक्क २०२८ च्या अखेरीस संपतो. १ जानेवारी २०२९ पासून कोणतीही ध्वनिमुद्रण कंपनी त्या भजनांना हवा तो ताल लावून विकू शकेल. तेव्हा त्यांना प्रेक्षक, उलाढाल, रोजगार सर्व काही असेल आणि अर्जातील एकही रकाना रिकामा राहणार नाही. त्या आधी गावोगावच्या जुन्या मंडळींकडून मूळ चाली टिपून घ्याव्यात. हे काम चार-दोन हजारांचे यंत्र आणि एखादा होतकरू विद्यार्थी यांच्या बळावर होण्याजोगे आहे. मला अर्ज दाखविणारा तो खंजिरीवाला तेव्हाच सत्तरीच्या पुढे होता.