शिकलगाराची दियानत

सांगली-कोल्हापूर-सातारा भागात शिकलगार हे आडनाव कुणाला नवे नाही. फारसी-उर्दूत 'सैकल' म्हणजे पात्यावरचा गंज काढून त्याला आणलेली झळाळी. ते काम करणारा सैकलगर, आणि मराठी तोंडात तोच शिकलगार झाला. तलवारी संग्रहालयात गेल्या, तेव्हा शिकलगार चाकू-कात्र्यांना धार लावू लागला. पण झळाळीचा मूळ धंदा काही बुडाला नाही. तो गॅरेजात गेला. बफिंग मशीन घेऊन मोटारीच्या बॉनेटवर वाकलेले पोर दिसले की आम्हांला तो जुना शब्दच आठवतो. या पोरांत उर्दू शाळांतून दहावीपर्यंत आलेली किंवा त्याआधीच गळालेली पुष्कळ असतात. म्हणून त्यांच्या धंद्यातला हलाल-हरामचा प्रश्न आम्हा शिक्षकांना परका वाटत नाही.

आधी चकाकी कशी येते ते नीट पाहिले पाहिजे, कारण सारा प्रश्न तिथेच आहे. आजच्या बहुतेक मोटारींना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. धुळीच्या फडक्याने पुसून पुसून त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी पडते, प्रकाश वाटेल तसा फाकतो आणि गाडी म्हातारी दिसू लागते. कारागीर काय करतो? ओरखडा खोल असेल तर आधी १५०० किंवा २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासतो, मग रबिंग कंपाऊंड लावून लोकरी पॅड फिरवतो, शेवटी मऊ स्पंजावर बारीक पॉलिश. यात ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूची जमीनच खाली आणली जाते. पृष्ठभाग सपाट झाला, प्रकाश एका दिशेने परतू लागला, आणि त्यात माणसाला आपला चेहरा दिसला.

म्हणजे प्रत्येक झळाळीला थोडा लॅकर खर्ची पडतो. उन्हापासून रंगाला वाचवणारे द्रव्यही त्याच लॅकरात असते. जाणता उस्ताद पत्र्याच्या कडांवर चिकटपट्टी लावून घेतो, कारण तिथे थर पातळ असतो आणि मशीन क्षणभर जास्त टेकले तर खालचा रंग उघडा पडतो. एका गाडीच्या नशिबी अशा घासण्या मोजक्याच.

इमाम गझालींच्या (निधन ११११) 'इह्या'मध्ये रूमी आणि चिनी कारागिरांच्या पैजेची गोष्ट आहे. एकांनी भिंत चितारली, दुसऱ्यांनी समोरची भिंत नुसती घासली, आणि पडदा उठताच सारे चित्र घासलेल्या भिंतीत उतरले. मौलाना रूमींनी 'मसनवी'त तीच गोष्ट घेतली, फक्त घासण्याचा मान चिन्यांकडून रूमींना दिला. गोष्ट फार सुंदर आहे. पण तिच्यातल्या भिंतीला जाडीची मर्यादा नाही. गॅरेजातल्या पोराला ती आहे.

घासण्याखेरीज झळाळीचा दुसरा मार्ग आहे. तेल आणि मेण असलेले ग्लेझ ओरखड्यांत भरायचे. वरून हात फिरवला तर सगळे गुळगुळीत. चार-सहा धुण्यांत भराव निघून जातो आणि जाळी पुन्हा वर येते. पत्र्याचा पोचा पुट्टीने बुजवून वर रंग मारून बफ करणे ही त्याचीच मोठी बहीण. आपली गाडी ईदेला किंवा पोराच्या वरातीला अशी चमकवली तर त्यात कुणाचे काय गेले? दिखाव्याबद्दल मौलवीसाहेब बोलतील ते बोलोत, आमची तक्रार नाही. पण हीच गाडी उद्या बाजारात उभी राहणार असेल तर?

जुनी गाडी घेणारा कोण असतो ते आठवावे. वडापसाठी जीप घेणारा, पतपेढीचे कर्ज काढणारा, बायकोच्या बांगड्या मोडून आलेला. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारे यंत्र नसते. तो बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहतो आणि सौदा करतो.

दुभत्या जनावराची थाने बांधून, दूध साठवून बाजारात आणण्याची हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे, आणि फसलेल्या गिऱ्हाइकाला तीन दिवसांत जनावर परत करण्याची मुभा आहे. भरलेली कास आणि ग्लेझने भरलेले बॉनेट यांत आम्हांला फरक दिसत नाही. कुरआनातील ८३वी सूरा मापात मारणाऱ्यांपासून सुरू होते आणि १४व्या आयतीत माणसाच्या कमाईमुळे काळजावर चढलेल्या गंजाचा उल्लेख येतो. शिकलगाराच्या जातीला ही सूरा कुठे टोचत असेल ते वेगळे सांगायला नको.

विकणारा दोषी, यावर वाद नाही. पण मशीन चालवणारा? तो म्हणतो, मला मालकाने सांगितले, मी चमक दिली, खोटे मी बोललो नाही. रोजंदारीवरच्या पोराला दुकान सोडून जा म्हणणे आम्हांला सोपे आहे. संध्याकाळी त्याच्या घरी चूल आमच्या उपदेशावर पेटत नाही. तरीही 'सांगितले म्हणून केले' हे उत्तर आम्हांला पुरत नाही. भराव कुठे आहे हे त्या साऱ्या सौद्यात सर्वांत चांगले त्यालाच ठाऊक असते, आणि ठाऊक असणे हीही अमानत आहे.

बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर हुजूर (स.) यांच्या बोटांना ओल लागली, तेव्हा त्यांनी त्या व्यापाऱ्याला धान्य फेकून द्यायला सांगितले नाही. भिजलेले वर का ठेवले नाहीस, एवढेच विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. वर ठेवणे पोरालाही जमण्यासारखे आहे. पावतीवर 'घासून' की 'भरून', एवढा एक शब्द. मालक तो खोडेल, हेही शक्य आहे. मग खोडणारा हात कुणाचा ते तरी दिसेल.

चांगल्या गॅरेजांत एक रीत आहे. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावतात, अर्धा भाग घासतात, अर्धा तसाच ठेवतात, आणि फरक दाखवण्यासाठी गाडीच्या मालकाला बोलावतात. तो खूश होतो, दर ठरतो, मग पट्टी निघते. गाडी विकत घेणाऱ्याला त्यानंतरच बोलावले जाते.