सांडलेले तांदूळ

कार्तिक पौर्णिमेच्या आधी चार दिवस मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहिलं की दोन गर्द्या दिसतात. एक कपिलधारच्या यात्रेला निघालेली. लातूर, नांदेड, परभणीकडून पायी आलेल्या शिवदिंड्या, कपाळाला विभूती, टाळ-मृदंग, मन्मथ माऊलीचा गजर. दुसरी ट्रकवर आणि ट्रॅक्टरवर. भांडी, गोधड्या, खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. दिवाळी उरकून कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकाकडं निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या. पहिली गर्दी पौर्णिमा झाली की घरी जाते, दुसरी येते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला. मी तीस वर्षं पहिल्या गर्दीचे फोटो काढत आलो. दुसरीला फोटोसाठी उतरायला वेळ नसतो.

बीडमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज, आणि एकेकाळी यात्रेत रंगवलेला पडदा लावून फॅमिली फोटो. पडद्यावर धबधबा होता. कपिलधारचा खरा धबधबा मागं शंभर पावलांवर पडत असायचा, तरी लोक पडद्यापुढंच बसायचे, कारण खऱ्या धबधब्याचे तुषार लुगड्यावर येतात. आता फोटो ज्याच्या त्याच्या हातात आला आणि माझ्याकडं बऱ्यापैकी रिकामा वेळ आला. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका प्राध्यापकांनी गळ घातली, "पोरांनी जागतिक प्रश्नांवर मोबाइलवर छोट्या फिल्म कराव्यात असं चाललंय. तंत्र तुम्ही शिकवा." मी रविवारी सकाळी स्टुडिओ उघडा ठेवायला लागलो. पहिल्या महिन्यात आठ फिल्म झाल्या. त्यातल्या पाचांत पांढरं अस्वल बर्फाच्या तुकड्यावर उभं होतं आणि मागं तीच एक रडकी बासरी वाजत होती.

माझा प्रश्न तंत्राचा नव्हता. तो जुना आहे आणि आमच्या लिंगायत घरातला आहे. दुसऱ्याचं दुःख टिपून चारचौघांत दाखवणं हे कायक, म्हणजे पूजेसारखं केलेलं काम, म्हणायचं की चोरी?

मी नऊ वर्षांचा असताना आजीनं मला पहिल्यांदा कपिलधारला नेलं. १९७८ साल. पहाटे कुंडाच्या कडेला बसून तिनं गळ्यातलं इष्टलिंग सोडलं, डाव्या तळहातावर ठेवलं, त्याला भस्म लावलं, बेल वाहिला, आणि त्या काळ्या, चकाकत्या गोळ्याकडं ती पापणी न हलवता बघत बसली. आमच्यात तळहाताला करपीठ म्हणतात, देवाची बसायची जागा. मी मान लांब करून डोकावलो तशी तिनं पदर आडवा घेतला. "हे दाखवायचं नसतं रं लेकरा. ज्याचं त्यानं बघायचं."

पुढं फोन आले तेव्हा मला ही आठवण फार कामाला आली. तोच डावा तळहात, तीच काळी चकाकी, तशीच खिळलेली नजर. दोन-तीन व्याख्यानांत मी ही तुलना वापरून टाळ्याही घेतल्या. मग रविवारच्या वर्गातल्या एका मुलीनं त्या तुलनेचा निकाल लावला. ती म्हणाली, "काका, लिंग आपलं आपलं असतंय. फोनमध्ये तर दुसऱ्याचं तोंड असतंय." त्यानंतर मी ती तुलना कुठंच केली नाही. आज इथं केली, तीही तिच्या उत्तरासाठी.

पण आजीचं म्हणणं तेवढ्यावर सोडलं तर आमच्या परंपरेवर अन्याय होईल. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या भोवती जमलेली माणसं गप्प बसणारी नव्हती. धोबी माचिदेव, नावाडी चौडय्या, दोर वळणारा चंदय्या, अक्कमहादेवी. ज्यांना कुणी बोलूच देत नव्हतं अशांनी आपला अनुभव संस्कृतात नाही, बाजारातल्या कन्नडमध्ये सांगितला. एक वचन म्हणजे चार-सहा ओळी, उभ्या-उभ्या ऐकता येतील अशा. अनुभवमंटप या त्यांच्या सभेत ते सगळ्यांपुढं मांडायचं आणि अल्लमप्रभूंच्या उलटतपासणीला तोंड द्यायचं. नंतर सोळाव्या शतकात मन्मथस्वामींनी तेच तत्त्वज्ञान मराठी ओवीत आणलं. ‘परमरहस्य’ आजही मराठवाड्यात शिवनाम सप्ताहात पारायणाला लावतात, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्या बायाही ऐकून ऐकून ओव्या पुढं म्हणतात. त्यांची समाधी कपिलधारला आहे, म्हणून तर ही यात्रा. म्हणजे पूजा झाकून करायची आणि अनुभव उघड्यावर सांगायचा, असे दोन्ही धडे एकाच धर्मानं दिलेत. पोरांनी फिल्म करावी की नाही, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. करावी. फिल्मनं काही होत नाही म्हणणाऱ्यांनी आठवून बघावं: नागराज मंजुळेंची ‘पिस्तुल्या’ नगरच्या कॉलेजात शिकताना केलेली फिल्म, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्याच उन्हाळ्यात आमच्या अंबाजोगाई तालुक्यात पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तिच्या प्रशिक्षणात पाणलोटाचं शास्त्र फिल्म दाखवून शिकवलं. माणसं गावी परतली आणि त्यांनी टिकाव-फावडं उचललं.

अडचण वेगळीच आहे. ती लक्कम्माच्या गोष्टीत आहे.

आयदक्की लक्कम्मा आणि तिचा नवरा मारय्या. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. कल्याणात बसवण्णांच्या अंगणात सांडलेले दाणे मारय्या वेचून आणायचा, लक्कम्मा ते शिजवायची आणि त्यातून जंगमांना जेवू घालायची. एके दिवशी मुद्दाम जास्त तांदूळ सांडले गेले. मारय्यानं ओटी भरून आणली. लक्कम्मानं ओटीकडं बघितलं आणि त्याला दारातूनच मागं पाठवलं. आपल्याला लागतात तेवढे ठेव, बाकीचे होते तिथं टाकून ये. ती चोरी म्हणाली नसेल. ते दाणे कुणाच्या हातातून हिसकावलेले नव्हते, सांडलेलेच होते. तरी जास्त होते.

माझ्या धंद्यात ही गोष्ट मला उशिरा कळली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं किल्लारी-सास्तूरची गावंच्या गावं मातीत गेली. मी चोवीस वर्षांचा. छत्तीसचे तीन कृष्णधवल रोल घेऊन केज, अंबाजोगाई, लातूर, औसा असा मिळेल त्या गाडीनं दुसऱ्या दिवशी पोचलो. पाऊस होता. दगड-मातीच्या, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांनीच माणसं दाबली. मी एकशे आठ फोटो काढले. एकशे आठ, जपाच्या माळेत असतात तेवढे, हे मला तेव्हाच जाणवलं होतं आणि त्याचा अभिमानही वाटला होता. एका दैनिकानं त्यातला एक छापला, पैसे दिले. उरलेल्या एकशे सातांचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यातल्या एका फोटोतला माणूस माझ्याशी बोलला. म्हातारे होते. आपल्या ढिगाऱ्यापुढं दगडावर बसले होते. मी कॅमेरा वर केला तर म्हणाले, "थांब." मला वाटलं, हाकलणार. त्यांनी फेटा नीट केला, उठून उभे राहिले, आणि मागं हात करून म्हणाले, "घर दिसू दे. अन् एक मला दे." मी हो म्हणालो. पत्ता काय लिहून घेणार, पत्ता पडलेलाच होता. गावाचं नाव विचारायचंही राहिलं, आणि त्या दोन दिवसांत मी सात-आठ गावं फिरलो होतो. पुढं नवी गावं वसली, नव्या जागी, नव्या रांगांत. मी गेलो नाही. लग्नाचा सीझन होता, नंतर दुसरा होता.

कायकाला आमच्यात दासोहाची जोड लागते. कष्ट करायचे आणि त्यातलं समाजाला परत द्यायचं. परत न दिलेलं काम कितीही घाम गाळून केलं तरी ते नुसती कमाई. म्हणून रविवारच्या वर्गात तंत्राआधी एकच अट ठेवली. ज्याचा चेहरा घेतलाय त्याला फिल्म पहिल्यांदा दाखवायची, आणि तो पूस म्हणाला तर पुसायची. अट महाग पडते. एका पोरानं मोंढ्यातल्या हमालांवर महिनाभर काम केलं. दाखवायला गेला तर मुख्य हमाल म्हणाले, पोरीचं जमवायचं चाललंय, माझं तोंड नको. पोरानं पुसलं. उरली नुसती पोती आणि हात. फिल्म पडली. पोरगं पुन्हा रविवारी आलं नाही. त्याला मी आजही चुकीचं म्हणत नाही.

आता त्या मुलीचं, जिनं माझी तुलना मोडली. तिचे आई-वडील कोयता आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाच्या वहीत जोडपं असंच मोजलं जातं. उचल घेतली की सहा महिने फेडायची. ती आजीजवळ राहून शिकते. अस्वलांना कंटाळून मी पोरांना म्हणालो होतो, जग राहू द्या, आपल्या घरातलं दाखवा. आणि तिच्याकडं बघून, मोठ्या समजूतदारपणे, म्हणालो, "तुझ्याकडं तर विषय घरातच आहे."

तिनं मान वर केली नाही. "बीडची पोरगी म्हटलं की कोयताच का हो काका? पुण्याच्या पोरीला कुणी म्हणतं का, घरातलं दाखव?"

२०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बाहेरचे कॅमेरे आले. ती म्हणाली, त्या सगळ्या फिल्म इंटरनेटवर आहेत आणि तिच्या आईला त्यातली एकही माहीत नाही. मला माझे एकशे सात आठवले.

आपल्या मातीतलं सांगा, हा उपदेश आम्ही मोठी माणसं फार सहज करतो. त्यात लहान गावच्या पोरांना त्यांच्याच दुःखाला दावणीला बांधायची सोय असते. जगाबद्दल बोलायचा हक्क शहरातल्यांना आणि यांना फक्त साक्ष द्यायचं काम. माचिदेवांनी काय फक्त धुण्याबद्दल सांगितलं होतं?

तिला करायचा होता अरल समुद्र. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या मधला, एकेकाळचा जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव. अमू दर्या आणि सीर दर्या या त्याच्या दोन नद्या सोव्हिएत सरकारनं १९६० नंतर कालव्यांनी कापसाकडं वळवल्या. तलाव आटला. मोयनाक नावाच्या बंदरात जहाजं आज वाळूत उभी आहेत. उत्तरेच्या तुकड्यात २००५ ला धरण बांधून थोडं पाणी परत आणलं, दक्षिणेचं गेलं ते गेलं.

चैत्रात आम्ही कपिलधारला गेलो. धबधब्याचा कडा कोरडा होता, काळ्या दगडावर पाण्याच्या जुन्या पांढऱ्या रेघा. वर माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. तिनं कड्याखाली आजीची पितळी परात ठेवली आणि घरून बाटलीत आणलेलं पाणी तिच्यात ओतलं, कारण तिथं ते मिळणार नव्हतं. मग एका वाटीनं ते काढत गेली आणि एकेक बोंड आत ठेवत गेली, आमच्याकडच्याच वेच्याची. आवाज तिचा, मराठी साधी, घरात बोलतो तशी. चेहरा कुणाचाच नाही, तिचा स्वतःचाही नाही, फक्त हात. परातीचा तळ उघडा पडल्यावर शेवटी तिनं उसाचं एक वाढं त्यात आडवं ठेवलं आणि फोन बंद केला. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. चार मिनिटांची फिल्म. तिसऱ्या मिनिटाला हात हलतो आणि मागं माकडं भांडतात. मी काढायला सांगितलं, तिनं काढलं नाही.

लावणारही नव्हती ती कुठं, आधी आईला दाखवल्याशिवाय. आईचा चेहरा त्यात नव्हता, तरी. म्हणाली, ऊस तिचा आहे. रात्री फडावरच्या कोपीत आईनं ती फोनवर बघितली, मग टोळीतल्या बायांनी बघितली. आईनं एकच विचारलं, "ती जहाजं खरंच वाळूत हायेत का?" मुकादमानंही बघितली म्हणे. त्याचं म्हणणं, बाकी ठीक आहे, पण यात ऊस कशाला घातला.

माझ्याकडं पंचवीस-तीस फिल्म झाल्यात, त्यातली मी लोकांना दाखवतो ती हीच.

तिनं आईचं हे सांगितलं त्या रात्री घरी येऊन मी १९९३ चा डबा काढला. निगेटिव्ह ठीक आहेत, कडांना थोडी बुरशी. म्हाताऱ्यांचा फोटो मोठा करून घेतला. उंच, सडसडीत माणूस, पांढऱ्या मिशा, धोतर, डाव्या हातात काठी. फेट्याचा रंग सांगता येत नाही, रोल कृष्णधवल होता. मागं ढिगाऱ्यातून दगडी चौकटीचा एक खांब सरळ उभा आहे, त्यावर कोरलेला नंदी दिसतो. ते स्वतः आता नसतील. पण किल्लारी, सास्तूर किंवा आजूबाजूच्या गावांत कुणाला असा खांब, असं घर, असे आजोबा आठवत असतील, तर कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला या. कुंडाकडं उतरायच्या पायऱ्यांपाशी मी फोटो घेऊन बसलेला असेन. पैसे नाहीत.