यादीतला गवंडी आणि स्वयंपाकघरातला भाऊ

आज दोनच कविता घ्यायच्या आहेत. दोन्ही अमेरिकन. वॉल्ट व्हिटमनची ‘आय हिअर अमेरिका सिंगिंग’ अकरा ओळींची, लँग्स्टन ह्यूजची ‘आय, टू’ अठरा ओळींची. भरभर वाचल्या तर चहा निवायच्या आत दोन्ही संपतील, म्हणून भरभर वाचू नका. राजूरला असाल तर पाळी सुटल्यावर, हातपाय धुऊन, थोडं निवांत बसा. दुसरीकडे कुठं असाल तर राजूर मनात आणा: वणी तालुक्यातलं हे गाव, जमिनीखाली कोळसा आणि वर चुन्याच्या भट्ट्या.

डोळे मिटा. आधी गाव ऐका. दगडावर पडणारा घण. चढावर गिअर बदलणारा ट्रक. भट्टीवर घमेलं रिकामं होताना होणारा खळखळाट. कुणाला तरी हाक, बहुधा हिंदीत, कारण कॉलरीत, म्हणजे कोळशाच्या खाणीत, नाना प्रांतांची माणसं. या आवाजांना अर्थ लावू नका. नुसते येऊ द्या.

आता व्हिटमनला येऊ द्या.

तो एवढंच करतो: ऐकतो आणि नावं घेतो. यंत्रकामगार, सुतार, गवंडी, होडीवाला, चांभार, टोपी करणारा, लाकूडतोड्या, नांगर धरणारा पोरगा. मग आई, कामात असलेली तरुण बायको, शिवणारी किंवा धुणं धुणारी मुलगी. प्रत्येकाच्या तोंडी गाणं, आणि ते ज्याचं त्याचं. यमक नाही, छंदाची मोजणी नाही. ओळीला चाल मिळते ती एकाच क्रियापदाच्या पुन्हा पुन्हा येण्यानं आणि एकाच साच्यात वाक्य बसवण्यानं. नामावळी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे परकं वाटू नये. नावांची ओळ लागली की मन आपोआप लयीत डोलतं.

एका ओळीवर थांबा. सुताराच्या. तो फळी मोजतो आहे, आणि गाणं त्या मोजण्यातच आहे. व्हिटमन एकाही गाण्याचे शब्द देत नाही. कोण काय गातं ते आपल्याला कळत नाही, फक्त हात कुठं आहेत ते दिसतं. मला ही त्याची सगळ्यात मोठी हुशारी वाटते. काम हेच गाणं, हे तो कुठंही सांगत बसत नाही.

श्वास सोडा. आता यादी पुन्हा एकदा मनात फिरवा आणि वेगळ्या नजरेनं पाहा. खाणकामगार त्यात नाही. राजूरकराला हे चटकन जाणवेल. आणखी एक मोठी जागा रिकामी आहे. ही कविता ‘लीव्हज ऑफ ग्रास’च्या 1860 च्या आवृत्तीत आली. त्या वर्षी अमेरिकेत जवळजवळ 40 लाख माणसं गुलाम होती. यादवी युद्ध पुढच्या वर्षी पेटलं. शेतात, बंदरात, घराघरांत राबणाऱ्या या माणसांचं नाव या अकरा ओळींत वेगळं येत नाही. व्हिटमनला लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. गुलामांविषयी त्यानं इतरत्र कळवळ्यानं लिहिलं आहे. पण यादी करणाऱ्याचा कान जिथवर पोचतो तिथवरच यादी जाते, एवढं इथं दिसतं.

त्या रिकाम्या जागेतून ह्यूज बोलतो. 1924 साली तो इटलीत जेनोआ बंदरात अडकला होता, पासपोर्ट चोरीला गेलेला. परतीच्या जहाजांवर गोऱ्या खलाशांना काम मिळत होतं, त्याला मिळत नव्हतं. तिथं ही कविता सुचली आणि पुढं 1926 च्या ‘द वेअरी ब्लूज’ या संग्रहात आली.

हिचा आवाज कानाला लावून बघा. व्हिटमनच्या ओळी श्वास पुरणार नाही इतक्या लांब. ह्यूजच्या तुटक, काही तर एकाच शब्दाच्या. ‘उद्या’ या अर्थाचा शब्द एकटाच एका ओळीत उभा आहे. वाचताना तिथं थांबावंच लागतं. तिकडे पुष्कळ माणसं, इकडे एकच ‘मी’, पण त्या एकामागं किती उभे आहेत हे सांगावं लागत नाही. तो स्वतःला सावळा भाऊ म्हणवतो. परका नाही, शत्रू नाही, त्याच घरातला.

आणि सारी कविता एका घरात घडते. पाहुणे आले की या भावाला स्वयंपाकघरात जेवायला पाठवतात. तो हसतो, पोटभर जेवतो, अंगानं भरतो. उद्या पाहुणे आले की तो टेबलाशी असेल. पाहुण्यांची ओळ दोनदा येते, अक्षरही न बदलता, आणि दुसऱ्यांदा तिचा अर्थ उलटलेला असतो. रूपक केवढं साधं! पंगत कुणाची आणि कुणाला मागून, कप कुणाचा वेगळा ठेवलेला, हे ज्या मुलखानं पाहिलं आहे त्याला हे टेबल समजावून द्यायला नको. नागपूरचे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत जाऊन व्हिटमनचा अभ्यास करून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांकडे त्यांनी इथल्या दलित लेखकांचं लक्ष वळवलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा ही वाट आपल्याकडे आधीच मळलेली आहे.

ह्यूज सुरुवातीला म्हणतो की अमेरिका मीही गातो. शेवटी गाणं गळून पडतं. मीही अमेरिका आहे, एवढंच उरतं. इथं घटकाभर राहा. व्हिटमनचं ‘गाणं’ त्यानं नाकारलं नाही, आपलं म्हणून घेतलं आणि पुढं नेलं. मला विचाराल तर दोघांत ह्यूजची कविता अधिक घट्ट विणलेली आहे, पण व्हिटमन आधी वाचल्याशिवाय तिची धार कळत नाही.

आता तुमची पाळी. मनातल्या मनात राजूरची यादी करा. कोण आधी येतं ते बघा: कॉलरीतला पर्मनंट माणूस? ट्रकवाला? भट्टीचा मालक? नावं येतील त्याच क्रमानं येऊ द्या, दुरुस्त करू नका. मग भट्टीकडे नीट पाहा. चुनखडीचा दगड आणि कोळसा थरावर थर रचतात. 900 अंश सेल्सिअसच्या आसपास दगड भाजला की त्यातला वायू निघून जातो आणि खालून चुन्याची पांढरी कळी काढतात. तिच्यावर पाणी पडलं की ती उकळते. ओल्या हाताला लागली तर कातडी सोलते. ती कळी निवडणारी बाई तुमच्या यादीत कितवी आली? आली का?

आली नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, त्यानं काही साधत नाही. तिचं काम तेवढं नीट आठवा: बसते कशी, हात कशानं झाकते, चाळणी कोणत्या हातात. सुताराच्या फळीइतकं नेमकं दिसेपर्यंत थांबा. ती गाते की नाही, हे तुम्ही ठरवू नका.

मग व्हिटमनकडे एकदा परत जा, गवंड्याच्या ओळीशी. तो कामाला लागताना गातो, काम सोडतानाही गातो. त्याच्या चुन्याची भट्टी कुणी लावली असेल, ते विचारा आणि पुढची ओळ वाचा.