सल्ल्याखाली सही

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून "चालणं-फिरणं काही?" असं विचारलं आणि मी सायकल घेतली. सायकल घेतली मी. पण ती कशी चालवावी हे राहनाळपासून भिवंडीच्या धामणकर नाक्यापर्यंत सगळ्यांना माझ्या आधीच ठाऊक होतं. शेजारचे काका म्हणाले, "सीट खाली घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत." काका घरात गेल्याबरोबर त्यांचे चिरंजीव म्हणाले, "सीट वर घ्या, नाहीतर गुडघे जातील." सौ. म्हणाली, "दुकानदार परत घेतो का ते आधी विचारा."

शेवटी सायकलवाल्याने निकाल लावला. टाच पॅडलवर ठेवून पॅडल पार खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलंच असतं. संपलं! पण त्याचं बोलणं इतकं मुद्देसूद का होतं, हे मला फार उशिरा कळलं. सायकल बिघडली तर ती त्याच्याच दुकानात येणार होती.

आता आमचा रस्ता. ठाण्याहून कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ करत अंजूरफाट्याकडे जाणारा हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मुद्दाम येऊ नये. दोन्ही बाजूंना गोदामं. तुम्ही घरबसल्या मागवलेला मिक्सर किंवा बूट बरेचदा आमच्या दारावरून जातो. एके काळी या गावांत भाताची शेतं होती. आता पत्र्याची छपरं उगवतात आणि त्यांना बारमाही ट्रकचं पाणी लागतं.

या रस्त्यासाठी बँकेतल्या एका सहकाऱ्याने मला खास सल्ला दिला. "उलट्या बाजूने चालव. समोरून येणारा ट्रक दिसतो. मागून येणारा काय सांगून येतो?" मला हे बिनतोड वाटलं. (पायी चालणाऱ्यासाठी ते खरंही आहे. फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने, वाहनांकडे तोंड करून चालावं. पण सायकल म्हणजे काही पाय नव्हेत.) तिसऱ्याच दिवशी एका गोदामाच्या फाटकातून एक ट्रक डावीकडे वळत बाहेर आला. मला तो चांगला दिसला. त्याला मी दिसलो नाही, कारण डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडून कोण येतं ते बघतो. डावीकडून एक बी.कॉम. झालेला गृहस्थ येत असेल अशी कल्पना तो का करील? मी सायकलसकट गटारात गेलो. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून काउंटरवर बसलो, तर सहकारी म्हणतो, "अरे, पण मग ब्रेक नाही का मारायचा?" पहिल्या सल्ल्यावर दुसरा फुकट!

गुडघा बरा झाल्यावर मी धावायचं ठरवलं. तिथेही दोन पक्ष. एक म्हणतो, महागडे बूट घ्या. दुसरा म्हणतो, अनवाणी धावा, आपले पूर्वज काय बूट घालून धावत होते? दोघांच्या सोयीसाठी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि १९६४ साली टोकियोची बूट घालून जिंकली. म्हणजे वाद मिटला असं आपल्याला वाटेल; पण नाही. एक पक्ष रोम सांगतो, दुसरा टोकियो. बिकिलाने ४२ किलोमीटर १९५ मीटर पळायचे कष्ट दोनदा घेतले, हा मुद्दा दोघेही सोडून देतात. मला उपयोगी पडली ती एकच गोष्ट, की धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं तर वेग जास्त झाला असं समजावं. मी तर नुसता उभा राहूनही फार वेळ बोलू शकत नाही, असं माझ्या लक्षात आलं.

इथवर ठीक होतं. सल्ला त्यांचा, गुडघा माझा. हिशेब दोघांतच मिटत होता. पण खरेदीच्या सल्ल्यात आणखी एक माणूस असतो. माझे मेहुणे घासाघिशीतले आचार्य आहेत. त्यांचं सूत्र असं: किंमत ऐकली की हसायचं, निम्म्याने सुरुवात करायची आणि पाठ फिरवायची, दहा पावलांच्या आत हाक येते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही एकदा भिवंडीत पाचशेची चादर दोनशे साठला आणली. घरी येऊन मी विजयी मुद्रेने चहा मागितला, तेवढ्यात शेजारच्या वहिनी तसलीच चादर दोनशे वीसला घेऊन आल्या आणि माझा चहा थंड झाला.

पुढे एकदा एका मागवाल्या खातेदाराला मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, आम्हाला व्यापारी सूत देतो, कापड विणून नेतो आणि मजुरी देतो पिकावर. एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. एका पिकाला किती पैसे, यावर आमचा झगडा. तुम्ही रुपयांत घासाघीस करता, आम्ही पैशांत." मेहुण्यांच्या सूत्रात तो धागाच नव्हता. पाठ आम्ही फिरवली होती. कोणाच्या पोटाकडे फिरवली, हे ना त्यांना माहीत, ना मला. तेव्हापासून घासाघीस सोडली असं मी म्हणणार नाही, सौ. हा लेख वाचणार आहे. पण दहा पावलं आता मी जरा सावकाश टाकतो.

आतापर्यंत मी जे सांगितलं त्यात सल्ले दुसऱ्यांचे होते. माणसाला दुसऱ्यांचे सल्ले आठवतात. आता माझा सांगतो.

१२ नोव्हेंबर २०१६, शनिवार. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या होत्या आणि त्या आठवड्यात शनिवार-रविवारीही बँका उघड्या होत्या. माणशी चार हजारांपर्यंत नोटा बदलून मिळत होत्या. आमच्या शाखेबाहेरची रांग कुठे सुरू होते ते आम्हाला दिसत होतं. कुठे संपते ते आतून दिसत नव्हतं. कॅशला एक नवा मुलगा होता, नोकरीला लागून वर्षही झालेलं नव्हतं. रात्री हिशेब मिळवताना त्याचे चार हजार कमी भरले. दोन गुलाबी नोटा. कॅश कमी भरली की कॅशियरने खिशातून भरायची, हा रिवाज. जास्त भरली तर मात्र खिशात घालायची नसते, याला बँकिंग म्हणतात.

मुलगा पांढराफटक पडला. म्हणाला, "दुपारी एक लुंगीवाला माणूस होता, मागावर काम करणारा. त्याला बहुतेक दोनदा दिले." बहुतेक! त्या एका शब्दापाशी मी थांबायला हवं होतं. पण माझी तेरा-चौदा वर्षं नोकरी झालेली, आणि समोर कोणीतरी डोळ्यांत पाणी आणून 'काय करू?' असं विचारत होतं. असा सुवर्णक्षण अनुभवी माणूस सोडत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अर्जामागे त्याचा नंबर लिहून घेतलाय ना? फोन कर. कॅमेऱ्यात दिसतंय म्हणून सांग. मुकाट्याने आणून देईल." कॅमेऱ्यात काय दिसत होतं, देव जाणे. फुटेज कोणी पाहिलंच नव्हतं. ते पाहायचं तर परवानगी, अर्ज, चार दिवस. थाप मारणं सोपं होतं. शिवाय मारायची त्याने होती.

रविवारी तो माणूस आला. पाळी बुडवून, पुन्हा त्या रांगेतून. काउंटरवर त्याने चाळीस नोटा ठेवल्या, शंभर-शंभरच्या. त्या आठवड्यात शंभराच्या चाळीस नोटा म्हणजे काय चीज होती, हे ज्यांना आठवतं त्यांना आठवेल. खानावळवाल्याकडून आणि सोबतच्यांकडून गोळा केल्या होत्या. म्हणाला, "साहब, हमने तो लिया नहीं. पर कैमरे में है, तो गिनने में हमसे ही गलती हुई होगी."

त्याने स्वतःच्या दोन डोळ्यांपेक्षा आमच्या कॅमेऱ्यावर जास्त विश्वास ठेवला. मी शेजारच्या खिडकीत होतो. मान खाली घालून मी एका व्हाउचरवर सही केली. पुष्कळ वेळ करत होतो.

आठ-नऊ दिवसांनी कॅशचा खण अडकला म्हणून शिपायाने तो पूर्ण ओढून बाहेर काढला. मागच्या फटीत दोन गुलाबी नोटा उभ्या होत्या. कोऱ्या, गुळगुळीत, घसरल्या असणार. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. 'तुम्हीच सांगितलंत' असं तो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

बँकेत, वाचकहो, सहीशिवाय पान हलत नाही. दहा रुपयांच्या व्हाउचरवर करणाऱ्याची एक सही, तपासणाऱ्याची दुसरी. चूक झाली तर दहा वर्षांनीही कोण होता ते शोधून काढतात. पण मी दिलेल्या सल्ल्याचा कुठे कागद नव्हता. फोन मुलाने केला, थाप मुलाने मारली, चार हजार त्या माणसाने भरले. माझं नाव कुठेच नव्हतं. खांद्यावर ठेवलेल्या हाताचे ठसे कोण घेतो?

बी.कॉम.ला शिकलेलं बहुतेक सगळं मी विसरलो आहे, पण १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम पक्कं लक्षात आहे, कारण कर्जाच्या कागदांवर रोज तेच कामाला येतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळं ठरलं नसेल तर एक पैसाही कमी नाही. म्हणून कर्जाला जामीन राहायचं म्हटलं की सख्खे भाऊही गावाला जातात. आणि सल्ला द्यायचा म्हटलं की अनोळखी माणसंही रस्ता ओलांडून येतात! दोन्हींत आपण एवढंच तर म्हणतो: 'जा पुढे, मी सांगतो ना.' फरक सहीचा.

मग सल्ला देऊच नये का? तेही खरं नाही. सायकलवाला बोलला नसता तर माझे गुडघे आधीच गेले असते. प्रश्न सल्ला द्यावा की नाही हा नसून, देणाऱ्याने कुठे बसून द्यावा हा आहे. आपल्याकडे सर्वांत मोठा सल्ला कुरुक्षेत्रावर दिला गेला. अठरा अध्याय सांगून झाल्यावर श्रीकृष्णाने निर्णय अर्जुनावरच सोडला, हे प्रवचनकार आवर्जून सांगतात. मला आपलं कारकुनी बुद्धीने दुसरंच दिसतं. सल्ला देणारा रथात पुढे बसला होता. हातात शस्त्र नाही, आणि समोरून बाण आला तर आधी सारथ्याला. द्वारकेहून निरोप पाठवून 'लढ, काही होत नाही' असं सांगणं त्याला अवघड नव्हतं. 'मग ढाल नाही का पुढे करायची?' हेही नंतर विचारता आलं असतं.

त्या संध्याकाळी मी मुलाला म्हणालो, "चल, पैसे परत द्यायला मी येतो." माग चालू होते. ज्यांनी मागाचा कारखाना आतून ऐकला नसेल त्यांना सांगतो, तिथे हळू आवाजात माफी मागता येत नाही. मी पहिल्यांदा पुटपुटलो. त्याने कानाला हात लावला. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. शेवटी मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "कॅमेऱ्यात काही नव्हतं! मीच सांगितलं होतं याला, खोटं बोल म्हणून! माफ करा!" आजूबाजूच्या चार मागांवरची माणसं वळून बघायला लागली. चार हजारांवर मी त्याच्या खाड्याचे पैसे ठेवले. मला वाटलं, तो 'नको साहेब' म्हणेल आणि मी भारावून परत येईन. त्याने ते घेतले आणि दोनदा मोजले. बरोबर केलं. आमच्याकडून घेतलेले पैसे दोनदा मोजावेत, हा धडा त्याला आम्हीच दिला होता.

आता मी सल्ला देत नाही, असं नाही. बँकेतला कारकून आणि मराठी माणूस, दोन्ही असून गप्प बसणं आरोग्याला बरं नाही. पण तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात खाली एक रेघ ओढतो आणि विचारतो, इथे सही करशील? निम्मे सल्ले तिथेच नापास होतात. उरलेल्यांतले निम्मे, विचारणारा कंटाळून निघून गेल्यामुळे, द्यावे लागत नाहीत.

परवा कन्येने क्लासला सायकलने जायचं काढलं. काकांनी सीट खाली घ्यायला सांगितली, चिरंजीवांनी वर. सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी सांगा तिला." मी काही सांगितलं नाही. माझी सायकल काढली, हवा बघितली आणि तिच्याबरोबर निघालो. डाव्या बाजूने, तिला आतल्या कडेला ठेवून, ट्रकच्या बाजूला मी. अंजूरफाट्यापर्यंत मला बोलताच येत नव्हतं, इतका दम लागला होता.

"बाबा," ती म्हणाली, "सीट थोडी वर घ्या."

तिने सांगितलं म्हणून घेतली. बरोबर चालवत होती ना!