अस्सलपणाची साक्ष

मराठ्यांच्या इतिहासाची साधने तपासणारे संशोधक जुन्या कागदांच्या संदर्भात तीन शब्द वापरत आले आहेत: अस्सल, नक्कल आणि बनावट. ज्या प्रसंगी जो कागद लिहिला गेला, तोच हाती आला तर तो अस्सल. त्यावरून कोणी प्रत उतरवून घेतली तर ती नक्कल. आणि जो कागद आपण जे नाही ते असल्याचे भासवतो, तो बनावट. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा दरबाराची मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. त्यांच्या अभ्यासकालाही हीच मोजमापे जवळ बाळगावी लागतात. नकलेला कोणी दुय्यम पुरावा म्हणेल; अप्रामाणिक मात्र म्हणणार नाही. अस्सल नष्ट झाल्यावर कित्येकदा तीच एकटी उरते. ही तीन मोजमापे दफ्तराबाहेर, अगदी मोटारीच्या गॅरेजातही, लावून पाहण्याजोगी आहेत.

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार चालू असतो तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष पत्रा, रंग आणि आसने यांवर खिळते. खरा पेच पडतो तो विजेच्या भागांपाशी. डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर, फ्यूजची पेटी, दिवे आणि या साऱ्यांना जोडणारी वायरिंग, यांची झीज लवकर होते. साठ वर्षांच्या मोटारीत हे भाग किती वेळा बदलले गेले, हे मालकालाही ठाऊक नसते. तरीही खुणा राहतात. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीने आपल्या अनेक भागांवर नमुन्याचे नाव, भागाचा क्रमांक आणि तो बनल्याचा महिना व वर्ष ठोकून ठेवले. सी-39 किंवा सी-40 जातीचा डायनामो हाती घेतला की जाणकार प्रथम हे आकडे शोधतो. मोटार कारखान्यातून बाहेर पडली त्याच्या थोडे आधीचा महिना त्यावर असेल, तर तो भाग जन्मापासूनचा असण्याचा संभव असतो. नंतरचा महिना असेल, तर तो मागाहून बसवला हे निश्चित. पण जुळणारा आकडा एवढ्यानेच सिद्धता होत नाही, कारण भंगार बाजारातून तसा भाग शोधून आणता येतो. मग स्क्रूच्या खाचा, पट्टीखालचा रंग, वर्षानुवर्षे एका जागी बसल्याने पत्र्यावर उमटलेला डाग यांची साक्ष काढावी लागते. कागदाचा काळ ठरवताना अक्षराचे वळण, शाई आणि शिक्के पाहावेत, तसेच हे काम आहे.

भारतात जोडल्या गेलेल्या मोटारींबाबत आणखी एक प्रश्न उभा राहतो. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अ‍ॅम्बॅसडर 1957 साली उत्तरपाडा येथे तयार होऊ लागली. 1961 साली मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्डचे उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी मद्रासच्या पाडी भागातील ल्यूकस-टीव्हीएस ही विजेच्या भागांची कंपनी स्थापन झाली. आराखडे इंग्लंडचे होते. पुढे एकेक भाग इथल्या कामगारांच्या हातून बनू लागला. आता एखाद्या हौशी मालकाला आपल्या मोटारीत मद्रासचा ठसा असलेला डायनामो सापडतो आणि तो काढून, बरेच पैसे मोजून, बर्मिंगहॅमचा बसवावा असे त्याला वाटते. त्याच्या लेखी मूळ म्हणजे इंग्रजी. पण त्या मोटारीच्या आयुष्यात इंग्रजी डायनामो कधी आलाच नसेल, तर या शुद्धीकरणाने तिचे मूळ पुसले जाते.

मागाहून आलेली गोष्टही अस्सल कशी असू शकते, हे तंजावरलाच पाहता येते. राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर 1010 साली पूर्ण झाले. त्यानंतर सुमारे आठ शतकांनी, 1803 साली, सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने भोसले घराण्याची हकिकत सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख त्याच मंदिरात कोरला गेला. तो चोळांचा नाही, म्हणून मंदिर ‘शुद्ध’ करण्यासाठी खरवडून काढावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. लेख आपला काळ आणि आपला कर्ता स्वतःच सांगतो. मोटारीवरील पाडीच्या ठशाला हाच न्याय लावला पाहिजे.

मग काही बदलायचेच नाही काय? ही भूमिका टिकणारी नाही. जुन्या वायरीवर रबराचे आवरण आणि त्यावर सुती विणीचे वेष्टन असे. वर्षे उलटली की रबर कडक होते, तडकते, तार उघडी पडते आणि पत्र्याला लागून आग लागू शकते. अस्सलपणाच्या नावाखाली अशी वायर ठेवणे म्हणजे मोटारीत बसणाऱ्यांचा जीव पणाला लावणे. ती बदललीच पाहिजे. मात्र बदलताना रंगांचा जुना संकेत पाळता येतो: बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, किल्लीच्या स्विचमागची पांढरी, तिथून फ्यूजमधून पुढे जाणारी हिरवी, अर्थची काळी. पुढच्या पिढीच्या मिस्त्रीला ती भाषा वाचता येते. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते आणि तिचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात. मेण झिजते, पडदे हलतात, तारा तुटतात. वेळोवेळी सारे नव्याने बसवावे लागते. त्यामुळे वीणा खोटी ठरत नाही, कारण त्या बदलाविषयी कोणाची दिशाभूल होत नाही.

दिशाभूल सुरू होते ती लपवण्यापासून. जुन्या रेग्युलेटरच्या पेटीत आधुनिक इलेक्ट्रॉनिक मंडल बसवता येते. डायनामोच्या कवचात अल्टरनेटर दडवता येतो. बसवणाऱ्याने मालकाला सांगितले आणि मालकाने पुढच्या खरेदीदाराला सांगितले, तर ही केवळ सोय आहे. सांगितले नाही, तर तीच वस्तू बनावट होते. नव्या भागावर जुना महिना आणि वर्ष ठोकणे ही तर उघड खोटी साक्ष.

या फरकाचे सर्वांत कटू उदाहरण तंजावर जिल्ह्यातच घडले. कुंभकोणमजवळील शिवपुरम येथे 1951 साली भूमीत कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांत एक चोळकालीन नटराज होता. काही वर्षांतच त्या दुरुस्तीसाठी कारागिराकडे सोपवल्या गेल्या. परत आला तो नव्याने ओतलेला नटराज. मूळ मूर्ती हातोहात परदेशी गेली. देवळाकडे असलेली मूर्ती प्रतिकृती आहे, हे ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी 1965 साली आपल्या ग्रंथात नोंदवले. पुढे 1973 साली अमेरिकी संग्राहक नॉर्टन सायमन यांच्याकडे मूळ मूर्ती गेली, वाद न्यायालयात पोहोचला आणि समझोत्यानंतर 1986 साली ती भारतात परतली. त्या परिसरात मूर्ती ओतण्याची कला आजही जिवंत आहे. नवी मूर्ती नवी म्हणून घडवली असती, तर तिला मानच मिळाला असता. अस्सलाच्या जागी गुपचूप ठेवली गेल्यामुळे ती बनावट ठरली. धातू तोच राहिला. बदलले ते तिच्याविषयीचे विधान.

नटराज आणि डायनामो यांची योग्यता एक नव्हे, हे उघड आहे. दुरुस्तीसाठी वस्तू सोपवणाऱ्याचा विश्वास मात्र एकाच जातीचा असतो. मालकाला झाकणाखालचे दिसत नाही. काढलेला अस्सल भाग मिस्त्रीने ठेवून घेतला, विकला वा भंगारात टाकला, तरी त्याला कळणार नाही. कायदाही येथे फारसा उपयोगी पडत नाही. 2021 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत विंटेज मोटार म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली मोटार अशी व्याख्या आहे. मोठ्या फेरफाराच्या संदर्भात ती चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावे घेते. विजेच्या भागांचा उल्लेख करीत नाही. तिथला निर्णय कारागिराच्या सद्सद्विवेकावर सोपवला गेला आहे.

त्या विवेकाची मागणी फार मोठी नाही. नव्या भागावर, आतल्या बाजूस का होईना, तो बसवल्याचे वर्ष असावे. काय काढले आणि काय घातले, याची वही मोटारीबरोबर राहावी. काढलेला भाग निकामी असला तरी मालकाच्या हाती परत जावा. एवढे पाळले, तर मोटारीत अस्सल भाग थोडेच उरले तरी ती आपल्याविषयी खरे सांगत राहील. न पाळले, तर प्रत्येक भाग जुना असूनही पुढचा अभ्यासक तिच्यातल्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवू शकणार नाही.