अत्तराचा जमाखर्च

जूनमध्ये एका गुणगौरव समारंभात मी व्यासपीठावर शोभेपुरता होतो. मुख्य पाहुणे नामवंत सनदी लेखापाल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द हल्ली घराघरांत चहाबरोबर फिरतात. त्यांचा आधार घेऊन पाहुणे मुलांना म्हणाले, “कॉमर्स मेजर करा, नाटक मायनर. आधी पोटोबा, मग विठोबा.” टाळ्या पडल्या. शेजारीच बसलेला असल्यामुळे मलाही दोन वाजवाव्या लागल्या. त्या दोन टाळ्या परत घेण्यासाठी हा लेख.

अशा भाषणांत पुढे पुलंच्या नावावर फिरणारा उपदेश येतोच: शिक्षण उपजीविकेचं घ्या, मैत्री कलेशी करा. आलाच. पण कायद्याची पदवी घेतलेल्या पुलंना काळ्या कोटात कुणी पाहिलंय? मैत्री वगैरे आपल्यासाठी; त्यांनी स्वतः कलेशी सरळ संसार केला. नंतर हुकमी एक्का पडला, डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन होते, मग नट झाले. हे सांगणारे पदवी मोजतात, बंद केलेला दवाखाना मोजत नाहीत. लागू १९६९ मध्ये पूर्णवेळ नाटकात आले, तेव्हा वय चाळिशीच्या पुढे होतं. दोन्ही डगरींवर हात ठेवून काय होतं याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घ्यायचं असेल, तर एक हात त्यांना शेवटी काढावा लागला, हेही सांगा.

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. धंदा नाटकाच्या बाहेर असतो, हे या मंडळींना कुणी सांगितलं? आपल्याकडे नाटकाच्या संस्थेला लोक ‘कंपनी’ म्हणत आले. आजही जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचं नाव छापतात, तो नांदी म्हणत नाही. तो तारखा मिळवतो, नाट्यगृहाचं भाडं भरतो, नटांची ‘नाईट’ चुकती करतो आणि प्लॅन उघडल्यावर तासाभरात किती खुर्च्या गेल्या हे बुकिंगवाल्याच्या आवाजावरून ओळखतो. प्रभाकर पणशीकर रात्री ‘तो मी नव्हेच’मध्ये एकामागून एक वेश बदलत, आणि ‘नाट्यसंपदा’चे निर्माते म्हणून हिशेबालाही तेच बसत. यात पोटोबा कुठला आणि विठोबा कुठला?

उलट उदाहरण बालगंधर्वांचं. अस्सल शालू, उंची अत्तरं, आणि कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर. त्यांनी जमाखर्च शिकला असता तर? कंपनी वाचली असती कदाचित. पण पहिली काट अत्तरावर बसली असती, आणि मग उरलं असतं ते कुणाही नटाचं नाटक. म्हणून माझं ठाम मत होतं, नाटकच मेजर करावं.

‘होतं’ म्हणतो, कारण मध्ये माझी भाची आली. पुण्यात कॉमर्सला आहे. ‘पुरुषोत्तम’ करंडकासाठी तिच्या कॉलेजने एकांकिका बसवली, आणि अकाउंट्स येतात म्हणून वही हिच्याकडे दिली. ती वही मी पाहिली. टेम्पो १,८०० रुपये, त्यावर काट. समोर लिहिलेलं: ‘लेव्हल्स घडीच्या करू, दोन रिक्षा, ५००.’ खाली, ‘मोगरा, ३० रुपये.’ दिग्दर्शकाने ‘कागदी गजरा चालेल, तिसऱ्या रांगेपुढे वास जात नाही’ असं सांगितलेलं. हिने तो आकडा तसाच ठेवला.

“का गं?”

“मामा, वास प्रेक्षकांसाठी नाहीच. आमची नटी गजरा हुंगते तेव्हा नुसतं मोगरा हुंगल्यासारखं करत होती. खरा दिल्यावर थांबली. तो थांबा फुकट नाही येत.”

बालगंधर्वांच्या अत्तराबद्दल विचारलं. म्हणाली, “अत्तर नसतं कापलं. पण ते कर्जावर नसतं येऊ दिलं.”

तिला निर्माती व्हायचं आहे. कॉमर्स मेजर तिने पोटासाठी घेतलं नाही, मोगऱ्यासाठी घेतलं. म्हणजे पाहुण्यांचा सल्ला, मला कितीही झोंबला तरी, तिच्यापुरता बरोबर निघाला. चुकलं होतं ते त्यामागचं कारण. आणि मोगरा कुठे कापायचा नाही, हे ती कुठल्याही वर्गात शिकली नव्हती; रात्री दहापर्यंत तालमीत जमिनीवर बसून शिकली होती. तिथेच मेजर-मायनरचं गणित अडतं. क्रेडिटची बेरीज कागदावर जुळते, दिवसाची जुळत नाही. तालीम सहाला, अकाउंट्सची शिकवणीही सहाला. त्या महिन्यात शिकवणी बुडाली. अंतर्गत परीक्षेत मार्क गेले, ते तिने वहीत ‘खर्च’ या सदराखाली लिहिलेत. विनोदाने असावं; मी विचारलं नाही.

तेव्हा दोनपैकी एक टाळी पाहुण्यांकडेच राहू द्या. दुसरी मी परत घेतो. ती मोगऱ्याच्या ३० रुपयांना द्यायची आहे.