कृपया नोंद घ्यावी

२०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच साच्यातले मेसेज फिरत होते. डोळे आलेल्या पाल्यास पाठवू नये, कृपया नोंद घ्यावी. सूचना बरोबरच होती. पण ही साथ हातांवरून, टॉवेलवरून, उशीच्या अभ्र्यावरून पसरते, नुसतं डोळ्यांत बघून नाही, हे त्यात क्वचितच असायचं. पोरं आपली काळा गॉगल लावून एकाच टॉवेलला तोंड पुसत होती.

माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. आजार लपवू नका, असं आपण पालकांना सांगतो. खरं सांगितल्यावर त्यांचं काय होतं?

लातूर-नांदेडमध्ये हा प्रश्न जास्तच टोचतो. ‘लातूर पॅटर्न’ आणि नीटच्या क्लासेसपायी आलेली कितीतरी मुलं इथं होस्टेलवर राहतात. आईबाप किनवटला, देगलूरला, उदगीरला. ‘पाल्यास घरी घेऊन जावे’ असा मेसेज आला की दुसऱ्याच्या सोयाबीनवर फवारणीला गेलेल्या बापाला काम टाकून एसटी गाठावी लागते. त्याची मजुरी बुडते, पोरीची टेस्ट बुडते. शिवाय तेच डोळे घेऊन ती भरल्या एसटीतून धाकट्या भावंडांत जाते. होस्टेलच्या रजिस्टरमधून साथ उतरली, एवढंच.

मग एखादी आई फोनवर म्हणते, ‘कुणाला सांगू नको, औषध टाक डोळ्यात अन् जा क्लासला.’ तिचं चुकतंच. शेजारच्या बाकावरची पोरगीही अशाच कुणाच्या तरी घामाच्या पैशांवर शिकतेय. तरी तिला बेजबाबदार म्हणणं मला जमत नाही. फायदा सगळ्या वर्गाचा आणि भुर्दंड तिच्या एकटीचा, असा सौदा आपणच तिच्यापुढे ठेवलाय.

आणि खरं बोलायची जबाबदारी सांगणाऱ्यावरही असतेच की. २७ नोव्हेंबर २०१८ला राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, शाळाशाळांतून. लहानपणी लस दिलीय, मग परत कशाला, हा पालकांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तरही होतं. नवव्या महिन्यात दिलेल्या डोसनंतर १००तल्या साधारण १५ मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि गोवर रोखायला १००तली ९५ मुलं सुरक्षित असावी लागतात. अशा शंकेला ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच उत्तर मिळालं, तर माणूस गप्प होतो. त्याला पटलेलं नसतं.

गोवर तर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच पसरतो. तोवर मूल वर्गात बसून गेलेलं असतं. तरीही ‘कुणाच्या घरून आला’ याची चौकशी ग्रुपवर चालतेच.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तेवढं आधी बंद करावं. तापात शाळेत आलेल्यासाठी टाळ्या कसल्या वाजवायच्या? आणि मेसेजमध्ये चार ओळी वाढवाव्यात. मुलीचं नाव ग्रुपवर येणार नाही. बुडालेली टेस्ट अमुक तारखेला पुन्हा होईल. होस्टेलवर वेगळी खोली आहे, तिला प्रवास करायला लावू नका. जेवणाचा डबा मेसच्या मावशी दारापर्यंत आणून देतील.